कोसमटोल्याच्या नऊ बाटल्या

१

कोसमटोल्याच्या नऊ माणसांना क्षय झाला आहे, असं डॉ. मुकुंद ओगल्यांनी सही करून लिहून दिलं, त्याला चार दिवस झाले होते. लिहिताना त्यांना वाईट वाटलं होतं आणि, खोटं कशाला बोला, थोडा अभिमानही वाटला होता. पुण्याहून चांद्याला बदली होऊन आलेला सत्तावीस वर्षांचा डॉक्टर. फिरत्या क्षय-तपासणी पथकाची प्रयोगशाळा म्हणजे भाड्याच्या दोन खोल्या. तिथलं काम बघणारे गुणवंतराव वैरागडे रजा टाकून मूल गावी आपलं धान कापायला गेले होते, आणि नेमक्या त्याच पंधरवड्यात धानोऱ्याच्या जंगलातून थुंकीच्या नऊ बाटल्या येऊन थडकल्या. डॉक्टरांनी बाह्या सरसावल्या. काचपट्ट्या स्वतः केल्या, स्वतः रंगवल्या, सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या. निळ्या रंगात बारीक लाल काड्या. क्षयाचे जंतू! एका पट्टीवर नव्हे, नऊच्या नऊ पट्ट्यांवर.

कागद वर गेला आणि एरवी पेंगणारी कचेरी खडबडून जागी झाली. येत्या सोमवारी ट्रक जाणार होता. नऊ जणांना नागपूरच्या क्षयाच्या दवाखान्यात न्यायचं, वर्षभर तरी ठेवायचं. वीस घरांचा टोला, धान कापणीला आलेलं, आणि त्यातून नऊ माणसं उचलायची. नऊ जणांत रुखमा नावाची एक बाळंतीण होती. तिचं मूल दोन महिन्यांचं. मूल बरोबर नेता येणार नाही, असं हुकमात स्पष्ट लिहिलं होतं.

गुरुवारी गुणवंतराव रजेवरून परत आले. उंचीनं बेताचे, कान मोठे, आणि बोलण्याआधी घसा खाकरायची सवय. पथकातली मंडळी म्हणत, या माणसानं आयुष्यभर लोकांची थुंकी तपासली, म्हणून याला घसा साफ ठेवायची काळजी. डॉक्टरांनी मोठ्या उत्साहानं त्यांना पट्ट्या दाखवल्या. गुणवंतरावांनी नऊही पाहिल्या.

"साहेब, बाटल्या कुठी हायेत?"

बाटल्या कोपऱ्यात खोक्यातच होत्या. त्यातली थुंकी जाळून बाटल्या उकळायचं काम गुणवंतरावांचं, म्हणून डॉक्टरांनी त्यांना हात लावला नव्हता. गुणवंतरावांनी त्या एकेक करून टेबलावर मांडल्या आणि झाकणं निरखत बसले. पाव तास गेला. मग त्यांनी घसा खाकरला.

"साहेब, हे नऊ मानसं नाईत. हा एकच मानूस हाय."

२

डॉक्टरांचा चेहरा पडला. मग लाल झाला.

"गुणवंतराव, नऊ बाटल्या, नऊ चिठ्ठ्या, नऊ नावं आहेत!"

"नावं नऊ हायेत जी. थुंक एकाचं हाय." आवाज चढवणं या माणसाला ठाऊकच नव्हतं. "हे पाहा. या बाटलीत घट्ट, पिवळा बेडका. छातीतून आलेला, अस्सल. या दुसरीत थोडा कमी. तिसरीत अजून कमी. अन या शेवटचीत निव्वळ लाळ. लाळेतही तुमाले जंतू सापडले, तुमच्या डोयाचं कौतुकच हाय. पन नऊ मानसं खोकलून राह्यले असते, तर कोनाचं घट्ट, कोनाचं पातळ, कसंही असतं. हे तर रांगेनं पातळ होत गेलं. एका छातीतून किती निघंन?"

"योगायोगही असू शकतो."

"असू शकते. म्हून मी झाकनं पाह्यले."

बाटल्यांना पत्र्याची फिरकीची झाकणं होती. सर्वांत घट्ट बेडक्याच्या बाटलीचं झाकण कडेनं ओरबाडलेलं होतं. एका जागी सुरीची खूण, दुसरीकडे दाताची. बाकीची आठ झाकणं कोरी करकरीत होती.

"पह्यली बाटली खोलाले कोनीतरी लई झटापट केली," गुणवंतराव म्हणाले. "ओढून पाह्यलं, दातानं पाह्यलं, सुरीनं पाह्यलं. मंग कळलं, हे फिरवा लागते. बाकीच्या आठ मंग आरामात खोलल्या. नऊ घरी नऊ मानसाईनं खोलल्या असत्या, तर नऊ झाकनाईवर ओरखडे असते."

डॉक्टर मटकन खुर्चीवर बसले. महाविद्यालयात त्यांना सुवर्णपदक मिळालं होतं, पण झाकण बघायला कुणी शिकवलं नव्हतं. रागापेक्षा भीती जास्त वाटली. आठ निरोगी माणसांना त्यांच्या सहीनं क्षयाच्या दवाखान्यात कोंडणार होते, आणि खरा रोगी कोण हे कुणालाच माहीत नव्हतं. तो एकटा गावात मागे राहिला तर? एक एक करून सगळं गाव झिजवील.

ओरबाडलेल्या बाटलीवरचं नाव त्यांनी वाचलं. रुखमा.

"म्हणजे रुखमाच आजारी! तिनं आपली बाटली आधी भरली."

"घाई नोका करू साहेब. पत्रूले बोलवा."

पत्रू मडावी हा पथकाचा आरोग्य-सेवक. बाटल्या त्यानंच गावात वाटल्या होत्या, त्यानंच आणल्या होत्या. गोंडी त्याची घरची बोली. येताच डॉक्टर त्याच्यावर कडाडले, की पायपीट वाचवायला तूच सगळ्या बाटल्यांत थुंकलास.

पत्रू पुढे आला. "साहेब, मी सा वर्सं ह्या कामात हाय. थुंक आनाले चाळीस चाळीस मैल पायी गेलो. असं काऊन करीन मी?"

"पत्रू," गुणवंतराव मधे पडले, "बाटल्या कवा दिल्ल्या?"

"सांजी दिल्ल्या, नेमापरमानं. सांगतलं, सकाळी उठल्या उठल्या साध्या पान्यानं चूळ भरा, तीनदा मोठा श्वास घ्या, मंग खोलातून खोकलून टाका. लाळ नोका टाकू, म्हटलं. सकाळी जाऊन उचलल्या."

"झाकन कसं खोलाचं, ते दाखवलं?"

पत्रू चपापला. "नाई जी. ते राह्यलंच."

गुणवंतरावांनी एक रिकामी बाटली त्याच्याकडे टाकली. पत्रूनं ती झेलली आणि अंगठ्याच्या एका फिरकीनं उघडली. असा माणूस पहिल्या झाकणाला दात लावील? डॉक्टरांना उत्तर मिळालं. त्यांनी उठून पत्रूची माफी मागितली. ती मागताना मान खाली गेली, पण मागितली.

"मग कोण?"

पत्रू जरा घुटमळला. "गावाजवळ बांबूच्या ठेकेदाराचा मुनीम डोमा राह्यते. पेटी सडकेवर त्याच्याच गाडीनं आनली. त्याले डेपोसाठी गावची जागा पाह्यजे, असं लोकं म्हनतात."

डॉक्टर ताडकन उठले. "सापडला!"

३

शनिवारी दुपारी जीप कच्च्या सडकेला टेकली आणि तिथून तिघं पायी निघाले. सूक्ष्मदर्शकाची लाकडी पेटी गुणवंतरावांनी कुणालाच उचलू दिली नाही, तान्ह्या लेकरासारखी छातीशी धरून चालले.

डोमाचं खोपटं वाटेतच होतं. तोंडात पानाचा तोबरा, केसांना सुगंधी तेल, आणि बोलणं मोठं गोड. डॉक्टरांनी सरळ आरोप केला. डोमा हसला.

"साहेब, गाव गेलं तं माहा बांबू कोन तोडन? तुमी? डेपोले जागा नदीपल्याड भेटली, दोन महिने झाले. तुमचा टरक येनार म्हून मीच कपाळाले हात लावून बसलो."

गुणवंतरावांचं लक्ष फळीवरच्या तेलाच्या बाटलीकडे होतं. तिलाही फिरकीचंच झाकण. मग त्यांनी अगदी आदरानं सांगितलं, "मुनीमजी, जरा इथी थुंका."

डोमानं अंगणात पिचकारी मारली. माती लालभडक झाली.

"चला साहेब," गुणवंतराव म्हणाले. "यायच्या थुंकीत कात हाय. आपल्या नऊ बाटल्याईत लालीचा ठिपका नोयता."

डॉक्टर मागून निघाले. दुसऱ्यांदा त्यांचा गुन्हेगार हातचा गेला होता, आणि सोमवार दोन दिवसांवर आला होता.

४

कोसमटोल्यात नऊ जण गोटुलाच्या मांडवात जमले. गोटुल म्हणजे गावाचं बैठकीचं घर, गावाची बरीवाईट सगळी बोलणी तिथंच होतात. गावचा पाटील लालसू पुढे बसला. पाठीमागे बाळाला छातीशी घेऊन रुखमा, चैतू, लटारू आणि इतर. अगदी कडेला, खांबाला टेकून, सोमारी. साठीची, वाळलेली, ताठ बसलेली. टोल्यातली निम्मी माणसं तिच्या हातांवर जन्मली होती.

डॉक्टरांनी एकेकाला वेगळं बोलावून विचारलं. बाटलीत कोण थुंकलं?

"मीच थुंकलो जी," लालसू म्हणाला.

"मीच थुंकली जी," रुखमा म्हणाली.

चैतू तेच म्हणाला, लटारू तेच म्हणाला, सोमारीही तेच म्हणाली. नऊ तोंडं, एकच वाक्य, आणि नऊही जण ते जमिनीकडे बघून बोलले. डॉक्टर घामाघूम झाले.

"गुणवंतराव, सगळं गाव सामील आहे! हे कुणाला तरी झाकताहेत."

"हो जी. झाकाजोगाच मानूस असंन तो," गुणवंतराव म्हणाले आणि त्यांनी पिशवी उघडली.

पिशवीत नऊ नव्या बाटल्या होत्या. तशाच, पत्र्याच्या झाकणांच्या. पण आत खोकल्याचं औषध भरलेलं.

"बाई, भाऊ, खोकला तर तुमाले सर्वाईलेच हाय. हे औषध घ्या. आता माह्यासमोर एकेक घोट प्या."

थुंकी मागितली की आक्रसणारी माणसं औषध म्हटल्यावर सैल झाली. लालसूनं बाटली घेतली, झाकण बोटांत धरलं आणि ओढलं. निघेना. पुन्हा ओढलं. मग दातात धरलं. मांडवात हशा पिकला. चैतूनं कमरेचा चाकू काढला. लटारूनं बाटली खांबावर आपटायला उचलली, ती पत्रूनं धावत जाऊन वाचवली. रुखमानं दोन्ही हातांनी ओढून पाहिलं आणि मुकाट्यानं खाली ठेवली. काही दिवसांपूर्वीच यांनी तसली बाटली उघडून तीत थुंकलं होतं म्हणे!

सर्वांत शेवटी बाटली सोमारीकडे गेली. तिचं लक्ष लालसूच्या फजितीकडे होतं, ती हसत होती. हसता हसता तिनं डाव्या हातात बाटली धरली आणि उजव्या हातानं एक फिरकी दिली. झाकण अलगद हातात आलं.

मग तिनं त्या झाकणाकडे पाहिलं.

५

"सोमारीबाई," गुणवंतराव तिच्यापुढे उकिडवे बसले, "नऊही बाटल्या तुमीच भरल्या ना?"

लालसू मधे काही बोलू लागला. तिनं हातानं त्याला थांबवलं.

"भरल्या. मंग? चोरी केली का मी?"

"चोरी कायची? मले फक्त एक सांगा. काऊन भरल्या?"

ती पत्रूकडे बघत बोलू लागली. काही गोंडीत, काही मराठीत, आणि पत्रू जोडत गेला.

"थुंक मानसाच्या जीवातून येते. ते परक्याच्या हाती गेलं, म्हंजे मानूस त्याच्या हाती गेला. मंग तो तिकडं बसून काही करो. पत्रू आपला पोर्‍या, पन बाटल्या चांद्याले जानार, चांद्याहून कुठी जानार, कोनाले मालूम? गोटुलात बसून सर्वाईनं ठरवलं, द्याचं नाई. पन नाई दिलं तं पत्रूची नोकरी जाईन, सरकार रागावंन. मी म्हटलं, मले द्या साऱ्या बाटल्या. एकीचंच जाऊ द्या. मी म्हतारी, माह्यामागं कोनी नाई. काही वाईट झालं तं मलेच होईन."

गेले दोन दिवस डॉक्टर लबाड माणूस शोधत होते. पहिल्यांदाच त्यांच्या लक्षात आलं, की त्या नऊ काचपट्ट्यांवर त्यांनी एका बाईची माया रंगवली होती आणि तिला रोग म्हणून सही केली होती. त्यांचे डोळे भरून आले आणि ते त्यांनी लपवलेही नाहीत.

"पण तुम्हाला हे आधीच कळलं होतं का?" त्यांनी गुणवंतरावांना विचारलं. "मी तर रुखमा म्हणत होतो."

"अंदाज होता जी. आपलीच बाटली पह्यले भरनारा मानूस दुसऱ्याच्या आठ कायले भरंन? जो दुसऱ्यासाठी करते, तो आपली शेवटी भरते. शेवटची, निव्वळ लाळेची बाटली कोनाची होती, ते तिथीच वाचलं होतं. सोमारी. पन नाव वाचून कोनाले धरता येत नाई साहेब. झाकन खोलून दाखवा लागते."

"रुखमाची पह्यले भरली," सोमारी म्हणाली, "तिच्या लेकराले माय पाह्यजे म्हून. चांगलं घट्ट होतं, ते तिच्या बाटलीत टाकलं, कोनाले शंका नोको."

रुखमाला रडू फुटलं. आता प्रश्न उरला होता, तो अवघड होता. सोमारीला क्षय आहे हे कळलं, पण बाकीच्या आठांचं काय? त्यांची थुंकी अजून कुणी पाहिलीच नव्हती. ती मिळाल्याशिवाय त्यांची नावं कागदावरून खोडता येणार नव्हती. डॉक्टरांनी जादूटोणा नसतो, जंतू असतात, असं पोटतिडकीनं समजावलं. लोकांनी शांतपणे ऐकलं आणि कुणीही बाटलीला हात लावला नाही.

"तुमी चांगले असान," लालसू म्हणाला. "पन आमचं तुमच्यापाशी गेलं, तुमचं आमच्यापाशी काय हाय?"

"बराबर हाय," गुणवंतराव म्हणाले.

त्यांनी एक रिकामी बाटली घेतली. सर्वांसमोर चूळ भरली, तीन मोठे श्वास घेतले, बरगड्या दाबून खोकलले आणि बाटलीत थुंकले. झाकण लावलं, चिठ्ठीवर आपलं नाव लिहिलं आणि बाटली लालसूच्या हातात ठेवली.

"हे माह्यं. तुमच्या पेनापाशी ठेवा, तुमच्या देवापाशी. तुमच्या थुंकीचं मी काही वाईट केलं, तर तुमी माह्यं करा."

डॉक्टरांच्या मनात पुण्याचं घर, आईचा चेहरा, असं काय काय येऊन गेलं. या लोकांच्या भीतीत हसण्यासारखं खरं तर काही नव्हतं. मग त्यांनीही बाटली मागितली. त्यांना धड खोकता येईना, तेव्हा सोमारीनंच त्यांच्या पाठीवर हात ठेवून सांगितलं, "खालून काढ पोरा, खालून."

लालसूनं दोन्ही बाटल्या कमरेच्या धोतरात खोचल्या. "सकाळी या," तो म्हणाला. "आमी देऊ."

६

रविवारी सकाळी उघड्यावर, एकेका झाडाखाली एकेक जण, अशा नऊ बाटल्या भरल्या. या खेपेला झाकण कसं उघडायचं हे पत्रूनं तीनदा दाखवलं. मग गुणवंतरावांचं काम सुरू झालं, आणि डॉक्टर ते बघत बसले.

बघण्यासारखंच होतं ते. बांबूच्या काडीनं त्यांनी बाटलीतला नेमका घट्ट कण टिपला. काचेवर तो असा पातळ पसरला, की खाली ठेवलेल्या छापील कागदावरची अक्षरं वाचता यावीत. उन्हात वाळवला, ज्योतीवरून तीनदा फिरवला. लाल रंग ओतून खालून ऊब दिली. वाफ दिसली पाहिजे, उकळी नको. मग आम्लानं धुऊन निळा रंग. सूर्य वर चढला, तसा त्यांनी सूक्ष्मदर्शकाचा आरसा त्याच्याकडे वळवला. ना घाई, ना एक थेंब सांडला. आपण पदक मिळवून आलो, पण हात या माणसाला आहेत, असं डॉक्टरांना मनापासून वाटलं आणि तसं ते बोललेही. गुणवंतरावांनी घसा खाकरला. "थुंकीचं कामच हाय साहेब. नीट नाई केलं तर मानूस मरते."

संध्याकाळपर्यंत आठ पट्ट्या नुसत्या निळ्या निघाल्या. लालसूची, चैतूची, लटारूची. रुखमाची डॉक्टरांनी चारदा पाहिली. निळी. नववीवर लाल काड्या होत्या.

सोमारीला ते सांगायला डॉक्टर स्वतः गेले. तिनं एकच विचारलं.

"माह्या हातानं निघालेल्या लेकराईले झालं असंन का?"

डॉक्टरांना खोटं बोलावंसं वाटलं, पण या बाईशी बोलवलं नाही. "माहीत नाही, बाई. मी प्रत्येक मूल तपासतो. आजपासून."

"तपास," ती म्हणाली. "पह्यले रुखमाचं."

सोमवारी सडकेवर ट्रक उभा होता. आठही जण तिला पोचवायला आले होते. ड्रायव्हरनं कागद काढला. "नऊ हायेत इथी. बसा लवकर."

डॉक्टरांनी कागद त्याच्या हातून घेतला, बॉनेटवर ठेवला आणि आपल्याच सहीच्या वर एक एक नाव खोडायला सुरुवात केली. प्रत्येक नाव मोठ्यानं वाचलं, प्रत्येक खोडलेल्या नावापुढे सही केली. सोमारी बाजूला उभी राहून त्यांच्या लेखणीकडे बघत होती. तिला वाचता येत नव्हतं, पण मोजता येत होतं.

"आठ खोडले?"

"आठ."

"मंग बरं झालं," ती म्हणाली आणि ट्रकमध्ये चढली. पत्रू तिच्याबरोबर नागपूरपर्यंत जाणार होता.

रुखमा बाळ घेऊन धावत पुढे आली, पायांना हात लावायला. सोमारी तिच्यावर खेकसली, "दूर राय! लेकरू हाय ना काखेत?" मग बाकीच्यांवरही ओरडली, की इथी उभे राहून काय पाहता, तिकडं धान झडून राह्यलं. कुणी हललं नाही.

ट्रक सुरू झाला, धूळ उडाली आणि तिला खोकल्याची उबळ आली. गुणवंतरावांनी काल शिकवल्याप्रमाणे तिनं पदर तोंडावर घट्ट दाबला आणि माणसांकडे पाठ करून, तोंड जंगलाकडे वळवून ती खोकत राहिली.